इंजिन त्यांचं, दुकानही त्यांचंच

माझा एक मित्र अजून तिघांना घेऊन कोथरूडमधल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये गेम बनवतो. अनरिअल इंजिनवर. मागच्या महिन्यात त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा व्हाइटबोर्डवर वरती मोठ्ठं ५०० लिहिलेलं आणि खाली दोन कॉलम पाडलेले. ५०० रुपये म्हणजे गेमची किंमत, टॅक्स वगैरे बाजूला ठेवून. पहिला कॉलम स्टीमचा, म्हणजे पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा: १५० स्टीमचे, २५ इंजिनवाल्या एपिकचे, हातात ३२५. दुसरा कॉलम एपिकच्याच गेम स्टोअरचा: ६० दुकानाचे, इंजिनचे शून्य, हातात ४४०. दोघांतला फरक ११५ आणि त्याला त्यानं लाल मार्करनं गोल केलेला. मला म्हणाला, "बघ आता, एवढा सरळ हिशोब आहे आणि लोक अजून एपिकला शिव्या घालतात."

हिशोब बरोबरच आहे. फक्त त्या ११५ मध्ये दोन वेगळ्या जातीचे पैसे आहेत. ९० रुपये दुकानाचं कमिशन कमी आहे म्हणून वाचतात आणि २५ रुपये इंजिनवाल्यानं स्वतःच्याच दुकानात विकलं म्हणून माफ केलेत. त्या ९० बद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट मी टाळ्या वाजवीन. माझं सगळं भांडण त्या २५ शी आहे.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गेम इंजिन म्हणजे गेमच्या खालचा सगळा सांगाडा, प्रकाश कसा पडेल, भिंतीला धडकल्यावर माणूस थांबेल की आरपार जाईल, आवाज, ॲनिमेशन, फोनवर आणि पीसीवर एकच गेम कसा चालेल हे सगळं आधीच लिहून ठेवलेलं असतं, त्याच्यावर तुम्ही तुमचा गेम रचता. एकदा एका इंजिनवर तीन वर्षं काम केलं की दुसऱ्यावर जायचं म्हणजे जवळपास नव्यानं सुरुवात, हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. एपिक गेम्स ही अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातली कंपनी, टिम स्वीनीनं १९९१ मध्ये सुरू केलेली. अनरिअल नावाचा त्यांचा गेम १९९८ चा, त्याच्या खालचं इंजिन ते इतरांना विकायला लागले आणि ते इतकं चाललं की आज मोठ्या गेम्समध्ये जिकडेतिकडे तेच दिसतं. २०१४ मध्ये ते महिना १९ डॉलरला कुणालाही मिळायला लागलं आणि मार्च २०१५ मध्ये तर वापरायला फुकटच झालं, गेम विकला गेला की ५ टक्के रॉयल्टी द्यायची एवढंच. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं राजी नावाचा गेम, २०२० मध्ये आलेला, याच इंजिनवर बनवला. आधी त्यांचं किकस्टार्टर, म्हणजे लोकांकडून ऑनलाइन पैसे गोळा करायची मोहीम, २०१७ मध्ये पूर्ण झालं नव्हतं, म्हणजे पैशाची काय ओढाताण असेल बघा, अशा टीमला इंजिनसाठी आधी लाखो रुपये मोजावे लागले असते तर तो गेम कधी झाला असता का, मला शंका आहे. हे श्रेय एपिकला द्यायलाच पाहिजे.

आणि मग डिसेंबर २०१८ मध्ये एपिकनं स्वतःचं दुकान उघडलं.

त्या वेळी पीसीवर गेम विकायचा म्हणजे वॉल्व्ह कंपनीचं स्टीम, विषय संपला. स्टीम २००३ पासूनचं, कमिशन ३० टक्के. एपिकनं १२ टक्के लावलं. त्यांचं दुकान उघडायच्या जेमतेम आठवडाभर आधी वॉल्व्हनं जाहीर केलं की १ कोटी डॉलरच्या वर विक्री गेली की पुढच्या विक्रीवर २५ टक्के आणि ५ कोटींच्या वर २० टक्के घेऊ. म्हणजे सवलत मिळाली ती बड्यांना, छोट्यांचे ३० चे ३०च राहिले, पण निदान काहीतरी हललं. २०२१ च्या ऑगस्टपासून मायक्रोसॉफ्टनंही आपल्या स्टोअरवर पीसी गेम्सचं कमिशन १२ टक्क्यांवर आणलं. आता एपिकनं २०२५ च्या जूनपासून प्रत्येक गेमच्या दरवर्षीच्या पहिल्या १० लाख डॉलरवर कमिशनच सोडलंय. ही खरी स्पर्धा आहे, कुणाला आवडो न आवडो. एखाद्या बाजारात एकच मोठा अडत्या पंधरा वर्षं बसलेला असताना दुसऱ्या कुणीतरी पैसे ओतून समोर गाळा टाकला तर विकणाऱ्याला फायदाच होतो. आणि पैसे त्यांनी खरंच ओतले, ॲपलबरोबरच्या कोर्टाच्या भांडणात जे कागद बाहेर आले त्यात दिसलं की २०१९ मध्ये दुकानाचा तोटा सुमारे १८ कोटी डॉलर होता आणि २०२० साठी २७ कोटींचा धरलेला. दर आठवड्याला जे फुकट गेम देतात त्यातल्या पहिल्या ३८ गेम्ससाठी त्यांनी १ कोटी १६ लाख डॉलर मोजले आणि त्यातून जवळपास ५० लाख नवी खाती मिळवली.

गेमर लोकांचा राग वेगळ्या कारणाचा होता. मेट्रो एक्झोडस नावाचा गेम स्टीमवर आधीच बुकिंगला लागलेला आणि रिलीजला दोन-तीन आठवडे राहिलेले असताना जानेवारी २०१९ मध्ये अचानक सांगितलं की आता वर्षभर फक्त एपिकवर. लोक भडकले, आणि बरोबर भडकले, कारण दुकानात तेव्हा साधी शॉपिंग कार्टसुद्धा नव्हती, ती आली डिसेंबर २०२१ मध्ये, तीन वर्षांनी. पण तो प्रश्न मला छोटा वाटतो. एखाद्या दुकानानं पैसे देऊन माल अडवून धरला तर गिऱ्हाईक चिडतं, वर्षानं माल दुसरीकडे येतो, विषय संपतो. इंजिनचं तसं नाहीये.

माझे मामा लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात असतात, सोयाबीन करतात. जून लागला की गावातल्या कृषी केंद्रातून बियाण्याच्या बॅगा, खत, पुढे फवारणीचं औषध, सगळं उधारीवर यायचं, दुकानदाराच्या लांबट लाल वहीत मामांच्या नावाचं पान. ऑक्टोबरात मळणी झाली की त्याच दुकानाच्या दारात त्याच माणसाचा वजनकाटा आणि तोच खरेदीला बसलेला. दर तो मोंढ्याइतकाच सांगायचा, एखाद्या वर्षी क्विंटलमागे दहा-वीस जास्तसुद्धा. आणि वर एक गोड अट, माल इथंच घातला तर उधारीवरचं व्याज माफ. मी कॉलेजला असताना सुट्टीत गेलो होतो, तेव्हा काट्यावर उभा होतो, त्यानं मूठभर दाणे मशीनमध्ये टाकले आणि म्हणाला ओलावा चौदा, दोन किलो कट्ट्यामागे कमी धरू. मी मामांना हळूच म्हटलं, मोंढ्यात नेऊन बघू की. मामा म्हणाले, "आन् जूनला बॅग कुणाच्या दारात मागायची रं?"

तो दुकानदार वाईट माणूस नव्हता. त्यानं मामांना कधी धमकी दिली नाही, जूनमध्ये बियाणं देणार नाही असं कधी बोललाही नाही. बोलायची गरजच नव्हती. व्याजमाफी ही सवलत होती हेही खरंच. पण त्या सवलतीमुळे मामांचा माल कुठं जायचा हे ऑक्टोबरात ठरतच नव्हतं, ते जूनमध्येच ठरून गेलेलं असायचं.

व्हाइटबोर्डवरचे ते २५ रुपये म्हणजे ही व्याजमाफी आहे. इंजिनची रॉयल्टी ५ टक्के, आणि ती पूर्ण किमतीवर, दुकानाचं कमिशन कापून उरलेल्यावर नव्हे. म्हणजे स्टीमवर गेम विकला तर स्टीमचे १५० गेल्यावरही एपिकचे २५ हे ५०० वर लागतात. तोच गेम एपिकच्या दुकानात विकला तर शून्य. इंजिन तेच, गेम तोच, मेहनत तीच, मग इंजिनची किंमत गिऱ्हाइकानं कुठल्या काउंटरवर पैसे दिले यावर का ठरावी? यात आणखी एक पुढची पायरी आली, जानेवारी २०२५ पासून. गेम इतर दुकानांत येईल त्याच दिवशी किंवा त्याआधी एपिकच्या दुकानातही आणला तर बाकीच्या दुकानांतल्या विक्रीवरची रॉयल्टीसुद्धा ५ वरून ३.५ टक्क्यांवर येते. आता यात कुणावर बंधन नाही, कुणाला एक्सक्लुझिव्ह करायला, म्हणजे फक्त एपिकवरच विकायला, सांगितलेलं नाही, त्यामुळे ऐकायला फार उदार वाटतं. पण अर्थ असा होतो की स्पर्धक दुकानात झालेल्या विक्रीवर तुम्ही इंजिनवाल्याला किती द्यायचं हे आता तुम्ही इंजिनवाल्याच्या दुकानाशी कसं वागलात यावर ठरतं. दुसऱ्या कुठल्याही दुकानाला, मग ते कितीही चांगलं चालवलेलं असो, ही सवलत देताच येणार नाही, कारण त्याच्याकडे इंजिन नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. मे २०२० पासून एपिकनं प्रत्येक गेमच्या पहिल्या १० लाख डॉलर विक्रीवर रॉयल्टी सोडलीय, म्हणजे आठ कोटी रुपयांच्या वर धंदा होईपर्यंत माझ्या मित्राला ते २५ कुठेच द्यावे लागणार नाहीत. आणि दुकानाचं कमिशनही वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरवर नाही, म्हणजे त्याच्या बोर्डवरचे दोन्ही कॉलम गेम सुपरहिट झाल्यानंतरचे आहेत. मग छोट्यांना काय फरक पडतो असं कुणी म्हणेल. थेट खिशाला नाही पडत. पण ही सवलत ज्यांना लागू होते ते मोठे स्टुडिओ आहेत, आणि मोठे गेम जिथं जातात तिथं गिऱ्हाईक जातं, आणि गिऱ्हाईक जिथं जातं तिथं छोट्याला जावंच लागतं. स्टीमच्या बाबतीत हेच झालं की. २००४ मध्ये वॉल्व्हचा स्वतःचा गेम हाफ-लाइफ २ खेळायचा तर स्टीम टाकावंच लागायचं, तिथून सगळं सुरू झालं.

वॉल्व्हचं नाव निघालंच आहे तर तेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. तेही इंजिनवालेच, सोर्स इंजिन त्यांचं. मार्च २०१५ मध्ये, ज्या आठवड्यात अनरिअल फुकट झालं त्याच आठवड्यात, त्यांनी सोर्स २ जाहीर केलं आणि तेही फुकट देऊ म्हणाले, अट एकच, गेम स्टीमवर आला पाहिजे. ते इंजिन तसं सगळ्यांसाठी कधी खुलं झालंच नाही म्हणून त्या अटीची चर्चा झाली नाही. पण बघा, दोन कंपन्या, दोघींकडे इंजिन आणि दुकान दोन्ही, आणि दोघींना तीच आयडिया सुचली. म्हणून मी हा स्वीनी चांगला की वाईट असा विषय करत नाही. स्वीनी वर्षानुवर्षं ॲपल-गुगलच्या ॲप स्टोअरवरच्या ३० टक्के कमिशनविरुद्ध बोलत आलाय, कोर्टात गेलाय, गुगलविरुद्ध डिसेंबर २०२३ मध्ये ज्युरीनं त्याच्या बाजूनं निकाल दिला. आपल्याकडे स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला प्ले स्टोअरच्या पेमेंटच्या सक्तीवरून ९३६ कोटींचा दंड लावला, तो मुद्दाही याच जातीचा होता, एका जागेची ताकद दुसऱ्या जागी वापरायची नाही. मला वाईट याचंच वाटतं की हा मुद्दा जगात सगळ्यात जोरात मांडणारा माणूस स्वतःच्या इंजिनच्या लायसन्समध्ये तो लावत नाही.

दुकान हा शेवटी धंदा आहे, आणि धंदा म्हटला की भांडणं आली. ती भांडणं इंजिन वापरणाऱ्याच्या अंगावर कशी येतात हे ऑगस्ट २०२० मध्ये दिसलं. एपिकनं १३ ऑगस्टला आयफोनवरच्या फोर्टनाइट या आपल्या गेममध्ये स्वतःची पेमेंट पद्धत टाकली, ॲपलनं त्याच दिवशी गेम काढला, एपिकनं त्याच दिवशी केस टाकली. इथपर्यंत दोघांचं भांडण. मग ॲपलनं सांगितलं की २८ ऑगस्टला एपिकची सगळी डेव्हलपर खाती बंद करू, त्यात अनरिअल इंजिन ज्या खात्यावरून आयफोनसाठी बनतं तेही. म्हणजे ज्यांनी फोर्टनाइट कधी उघडलासुद्धा नाही, ज्यांचा त्या ३० टक्क्यांच्या लढाईशी काडीचा संबंध नाही, अशा जगभरच्या टीम्सचं काम दोन आठवड्यांत लटकणार होतं. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीला कोर्टात लिहून द्यावं लागलं की अनरिअलवर आमचेही गेम आहेत, त्याला हात लावू नका. २४ तारखेला जज यव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी फोर्टनाइट बाहेरच ठेवला पण इंजिनला हात लावायला ॲपलला मनाई केली. चार दिवस आधी! मित्र तेव्हा नोकरी करत होता, एका मोबाइल गेमच्या टीममध्ये, तेही अनरिअलवर. तो सांगतो, त्या दहा दिवसांत त्यांच्या ऑफिसात रोज सकाळी पहिला प्रश्न एकच असायचा, आज काय झालं कोर्टात.

लढाई एपिकची बरोबर होती की चूक हा वेगळा विषय, मला ती बरीचशी बरोबरच वाटते. पण ज्याच्या इंजिनवर हजारो लोकांचं पोट आहे त्यानं ते इंजिन सोबत बांधून मैदानात उतरू नये.

आणि मग पबजी. आपल्याकडे हा गेम कुणाला सांगावा लागत नाही, गल्लीगल्लीत खेळला गेलाय. पबजी अनरिअल इंजिनवर बनलेला. मार्च २०१७ मध्ये पीसीवर आला आणि तुफान चालला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एपिकनं, म्हणजे ज्याला पबजीवाले रॉयल्टी देत होते त्यानंच, फोर्टनाइटमध्ये शंभर जणांचा शेवटी एक उरतो तो तसाच खेळ आणला. पबजी बनवणारी कोरियातली ब्लूहोल कंपनी तेव्हा उघडपणे नाराज झाली, पुढे २०१८ मध्ये कोरियात केसही टाकली आणि काही महिन्यांत मागे घेतली. खेळाची कल्पना कुणाच्या मालकीची नसते, त्यामुळे एपिकनं बेकायदा काही केलं असं मी म्हणत नाही. पण जरा ब्लूहोलच्या जागी उभं राहून बघा. रॉयल्टी द्यायची म्हणजे दर तिमाहीला विक्रीचा आकडा कळवायचा. इंजिनमध्ये अडचण आली की मदत मागायची, मदत मागायची म्हणजे आपण काय बनवतोय ते दाखवायचं. समोरचा नुसता इंजिनवाला असेल तर ठीक. समोरचा गेमही बनवत असेल तर पोटात गोळा येतो. आणि आता तो दुकानही चालवतो, म्हणजे कुठला गेम फुकट वाटायला विकत घ्यायचा, कुणाला पहिल्या पानावर लावायचं, कुणाला एक्सक्लुझिव्हचे पैसे द्यायचे हेही तोच ठरवतो. मामांच्या दुकानदाराची लाल वही आठवते मला इथे. कुणाची किती उधारी, कुणाला पैशाची किती निकड, हे ज्याला माहीत त्यानंच दर ठरवायचा.

आता दुसरी बाजू, जी मित्र मला नेहमी सुनावतो आणि ज्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. तो म्हणतो इंजिन एकटं विकून कुणाचं पोट भरत नाही, युनिटीकडे बघ. युनिटी हे दुसरं मोठं इंजिन, मोबाइल गेम्समध्ये तर त्याचंच राज्य. त्यांच्याकडे ना फोर्टनाइट ना दुकान. १२ सप्टेंबर २०२३ ला त्यांनी एका दिवसात जाहीर केलं की ठरावीक मर्यादेपुढे गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल तितक्या वेळा पैसे, छोट्या लायसन्सवर इन्स्टॉलमागे २० सेंटपर्यंत. फुकट गेम देऊन जाहिरातीवर जगणारे लोक हबकले, इन्स्टॉलमागे त्यांची कमाईच तेवढी नसते. महिन्याभरात सीईओ गेला, वर्षानं ती फीच रद्द झाली, पण विश्वास गेला तो गेलाच, कितीतरी लोक तेव्हा गोडो या इंजिनकडे वळले, जे ओपन सोर्स आहे आणि ज्याला रॉयल्टीच नाही. मित्राचं म्हणणं, एपिककडे दुसरीकडून पैसा येतो म्हणून ते असलं काही करत नाहीत, दुकान बंद करायला लावशील तर उद्या इंजिनचा दर वाढेल. यात तथ्य आहे. फक्त पैसा आणणारी बाजू म्हणजे फोर्टनाइट, दुकान नव्हे. दुकानाचे प्रमुख नोव्हेंबर २०२३ मध्ये कोर्टात शपथेवर म्हणाले की ते अजून नफ्यात नाही. तेव्हा दुकान इंजिनला पोसतंय ही गोष्ट निदान तोपर्यंत तरी खरी नव्हती.

आणि मी दुकान बंद करा म्हणतच नाहीये. दुकान चालू द्या, १२ टक्के घ्या, शून्य घ्या, फुकट गेम वाटा, स्टीमच्या नाकात दम आणा, मी स्वतः तिथून गेम घेतो. फक्त इंजिनचा दर सगळीकडे एकच ठेवा. ३.५ टक्के परवडतंय ना, मग सगळ्यांना ३.५ करा, गेम कुठे का विकेना. दुकानाला आकर्षण हवंय तर ते दुकानाच्या कमिशनमधून द्या, ती त्यांची स्वतःची कमाई आहे, हवी तेवढी सोडा. इंजिन वेगळ्या कंपनीत, वेगळ्या खात्यांवर ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी कुणाशी भांडण झालं तर पहिला बळी इंजिन वापरणाऱ्याचा जाणार नाही. आणि रॉयल्टीसाठी आलेले आकडे दुकानाच्या आणि गेम बनवणाऱ्या टीमच्या टेबलावर जाणार नाहीत हे लायसन्समध्येच लिहा, ब्लॉगवर नको, मुलाखतीत नको, लायसन्समध्ये, जिथं उद्या मालक बदलला तरी ते बांधील राहील.

हे आत्ताच का म्हणतोय, तर पर्याय कमी होत चाललेत. सीडी प्रोजेक्ट रेड या पोलंडच्या स्टुडिओनं मार्च २०२२ मध्ये स्वतःचं इंजिन सोडून अनरिअल घ्यायचं ठरवलं, आणि तेव्हा जीओजी हे गेम विकायचं दुकान त्यांच्याच ग्रुपचं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या हेलो गेम बनवणाऱ्या स्टुडिओनं तेच जाहीर केलं, आणि मायक्रोसॉफ्टचंही स्वतःचं दुकान आहे. म्हणजे एपिकच्या दुकानाचे स्पर्धक एपिकच्या इंजिनवर गेम बनवतायत. एवढ्या मोठ्यांना आपापले वकील आहेत, ते वेगळे करार करून घेतील. कोथरूडच्या हॉलमधल्या चौघांना जे लायसन्स डाउनलोड करताना समोर येतं तेच, खाली स्क्रोल करून टिक करायची.

मित्र त्याचा गेम दोन्हीकडे लावणार आहे, एकाच दिवशी. मी त्याला अडवणार नाही, त्यानं ती सवलत घ्यावीच, दोन वर्षं चौघांनी पगार न घेता काम केलंय. त्या संध्याकाळी निघताना मी बोर्डवरच्या त्याच्या लाल गोलातल्या ११५ च्या शेजारी ९० आणि २५ असं वेगळं करून लिहिलं. परवा त्यानं फोटो पाठवला, बाकी सगळा बोर्ड पुसून त्यावर लेव्हल डिझाइन काढलंय, तेवढा कोपरा ठेवलाय.